मदत हवी आहे: राष्ट्रपती निवडणुकीतली दुसरी पसंती

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरातले. पुतणी अकरावीत आहे आणि तिच्या प्रोजेक्टनं मला कामाला लावलंय. २०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत आपल्या मध्य प्रदेशच्या आमदाराच्या मताचं मूल्य १३१, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५. हे मूल्य काढताना लोकसंख्या अजून १९७१ चीच धरतात (कमाल आहे!), इथवर कळलं. मतपत्रिकेवर उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती क्रमानं लिहितात; गाडी अडलीय त्याच्या पुढे. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं होती, हवी होती ४,१८,१६९. दुसऱ्या पसंतीवर ते निवडून आले. सगळ्यात कमी मतं मिळून बाद झालेल्या उमेदवाराची मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाताना मूल्य पूर्ण १३१ च राहतं का? आणि दुसरी पसंती लिहिलीच नसेल तर त्या मतपत्रिकेचं काय करतात? जाणकारांनी सांगावं, रविवारपर्यंत हवंय.