‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन : प्रेझेंट’ (म्हणजे मज्जातंतूच्या वेष्टनात किंवा त्याभोवती गाठीच्या पेशी आढळल्या) अशी ओळ असते. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात तिचे मराठी मी ‘नसेत पसरलेला कर्करोग’ असे केले आहे, आणि ‘सर्व्हायव्हल’साठी ‘आयुर्मान’ योजले आहे. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ : ‘नस’ टाळावा. ‘मानेची नस दबली’ म्हणताना आपल्याला मज्जातंतू अभिप्रेत असतो, पण सुई टोचताना परिचारिका ‘नस सापडत नाही’ म्हणते ती रक्तवाहिनी असते. रक्तवाहिन्यांतील व लसिकावाहिन्यांतील (लिम्फ वाहून नेणाऱ्या नलिकांतील) शिरकावाची नोंद त्याच अहवालात स्वतंत्रपणे होत असल्याने, ‘नसेत पसरला’ हे वाचून नातेवाईक ‘रक्तातून अंगभर गेला’ असा भलताच अर्थ काढतील.

‘पसरला’ हे क्रियापदही येथे जादा आहे. गाठीच्या पेशी मज्जातंतूच्या वेष्टनात शिरलेल्या, किंवा त्याच्या परिघाचा निदान एक तृतीयांश भाग वेढून बसलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, तर ही नोंद करावी, अशी व्याख्या 2009 मध्ये मांडली गेली. हा झाला ‘शिरकाव’. ‘पसरणे’ हा शब्द निराळ्या स्थितीसाठी राखून ठेवावा : खालच्या जबड्यातून जाणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने रोग कवटीच्या तळाकडे सरकतो, ओठ व हनुवटी बधिर होऊ शकते आणि एमआरआयमध्ये तो मज्जातंतू जाड झालेला दिसू शकतो.

‘आयुर्मान’ तर सरळ चूक आहे, कारण लोकसंख्येच्या सरासरी अपेक्षित आयुष्यासाठी तो शब्द रुळला आहे. येथे ‘पाच वर्षांनंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण’ असेच, लांब वाटले तरी, लिहावे. असा शिरकाव आढळलेल्या गटात रोग त्याच जागी उलटण्याचे आणि मानेतील लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) जाण्याचे प्रमाण अधिक, तर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळते. मात्र ही गाठ बहुधा खोलवर गेलेली असते व मानेतही रोग असतो, त्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली हे वेगळे काढणे अवघड जाते. काही अभ्यासांत इतर घटकांचा हिशेब केल्यावरही शिरकावाचा स्वतंत्र परिणाम उरतो, काहींत उरत नाही. म्हणून ‘शिरकावामुळे आयुष्य घटते’ असे कार्यकारणाचे वाक्य पत्रकात नसावे.

प्रतिसाद २ : मग ‘मज्जातंतुवेष्टन-शिरकाव’ म्हणायचे का? वॉर्डात हा शब्द कोणी उच्चारणार नाही. डॉक्टर सर्रास ‘पीएनआय’ (पेरिन्यूरल इन्व्हेजनचे लघुरूप) म्हणतात.

प्रतिसाद १ : मान्य आहे. अहवालातील शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, म्हणजे रुग्णाला तो कागदाशी ताडून पाहता येईल, आणि पुढे असे लिहावे : ‘गाठीच्या पेशी जवळच्या बारीक मज्जातंतूंच्या आवरणात किंवा त्यांच्याभोवती आढळल्या आहेत. रोग उलटण्याचा धोका त्यामुळे अधिक समजला जातो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यावे का, याचा डॉक्टर विचार करतील.’ केमोथेरपीचा उल्लेख या वाक्यात नको. रेडिएशनला तिची जोड देण्याचा प्रश्न मुख्यतः कापलेल्या कडेवर रोग उरला असेल किंवा मानेतील लसिकाग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल तेव्हा येतो, आणि अहवालात त्या दोन्ही बाबींच्या नोंदी वेगळ्या असतात.