२८ मिमी सोव्हिएत महिला स्नायपर: बर्फावर पांढरे कपडे हरवू नयेत म्हणून काय करावं?

हिमरेषा
धातूच्या २८ मिमी मूर्तींचा संच रंगवायचा आहे. चौघी स्नायपर पांढऱ्या मास्कखलातमध्ये (बर्फात लपण्यासाठीचा सैल अंगरखा), चौघी तेलोग्रेयका (कापूस भरलेलं जाकीट) आणि उशांका (कानपट्ट्यांची लवदार टोपी) घातलेल्या, एक सॅनिटार म्हणजे प्रथमोपचारक, एक पीपीएसएच सबमशीनगन घेतलेली सार्जंट. टेबलावरचा युद्धखेळ १९४३-४४ च्या हिवाळ्यातला आहे. चार गोष्टी अडल्या आहेत. मास्कखलात निव्वळ पांढरा ठेवला तर प्लास्टरचा दिसतो, वॉश (खोबणीत उतरणारा पातळ गडद रंग) दिला तर चिखलात लोळल्यासारखा. बर्फाच्या बेसवर (मूर्तीखालच्या चकतीवर) मूर्ती हातभर अंतरावरूनही दिसेनाशी होते. चेहऱ्यावर तपकिरी वॉश गेला की मिशा फुटतात. आणि खायचा सोडा व पीव्हीए गोंद यांचा बर्फ काही महिन्यांत पिवळा पडतो असं वाचलं, त्याला पर्याय काय? खांद्यावर नेमकं काय रंगवायचं तेही सांगा.

कोरडाब्रश
कापडाचा पांढरा आणि बर्फाचा पांढरा हे दोन वेगळे रंग आहेत असं आधी ठरवून टाका, निम्मं काम तिथेच होतं. मास्कखलात म्हणजे साधं सुती कापड. धुण्याने, धुराने, मातीने ते पिवळट-राखाडी होतं. बर्फ आकाशाचा निळेपणा उचलतो. म्हणून कापड उबदार ठेवायचं आणि बर्फ थंड. एवढा फरक ठेवला की दोन्ही पांढरेच राहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

प्रायमर फिकट राखाडी घ्या. काळ्यावर पांढरा चढवायला पाच-सहा हात लागतात आणि तोवर बटणं, शिवणी बुजलेल्या असतात. पहिला हात व्हॅलेहो कंपनीच्या ऑफव्हाइट (७०.८२०, हा रंगाचा क्रमांक) तीन भाग आणि खाकी ग्रे (७०.८८०) एक भाग, असा सगळीकडे. दुसरा हात नुसता ऑफव्हाइट, चुण्यांचे खड्डे सोडून. तिसरा हात ऑफव्हाइट आणि पांढरा (७०.९५१) समभाग, तोही फक्त खांदे, टोपडीचा माथा, कोपर आणि गुडघ्याच्या कडांवर. निव्वळ पांढरा कापडावर कुठेच लावू नका, तो बर्फासाठी राखून ठेवा.

पांढरा खडूसारखा भुरभुरीत दिसतो तो दोन कारणांनी: रंग जाड असतो, किंवा खालचा हात अर्धवट ओला असताना ब्रश पुन्हा फिरतो आणि साय ओढल्यासारखे दाणे उठतात. पातळ करायला निम्मं पाणी, निम्मं ग्लेझ मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारं द्रव्य) वापरा आणि दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या.

वॉश सगळ्या अंगावर ओतायचाच नाही. एक भाग तपकिरी वॉश, तीन भाग मॅट मीडियम, बारीक ब्रशने फक्त चुण्यांत, पट्ट्याखाली आणि टोपडीच्या कडेला. रंगकण थेंबाच्या काठाशी जमतात म्हणून वाळताना कडं उमटतं. अर्ध्या मिनिटाच्या आत स्वच्छ, ओलसर ब्रशने तो काठ पुसून घ्या.

टेबलावर पांढरी मूर्ती ओळखू येते ती तिच्यावरच्या गडद जागांमुळे: टोपडीतला चेहरा, रायफल, पट्टा, हातमोजे, पायातल्या वालेंकी म्हणजे नमद्याचे बूट. या पाच जागा मनसोक्त गडद ठेवा. मास्कखलात गळ्याशी उघडा असेल तर आतली खाकी ठळक दिसू द्या.

सूक्ष्मरेखा
चेहऱ्यांबद्दल. मिशा येण्याचं कारण सरळ आहे: वॉश वरच्या ओठाच्या आणि हनुवटीच्या खळीत साचतो आणि तिथेच वाळतो. चेहऱ्याला वॉश देऊच नका. फ्लॅट फ्लेश (७०.९५५) मध्ये लालसर तपकिरी मिसळून सावलीचा रंग करा आणि तो आठपट मीडियममध्ये पातळ करून डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, जबड्याखाली आणि उशांकाच्या कानपट्टीच्या आतल्या कडेला लावा. तरुण बाईच्या चेहऱ्यावर सावली आणि उजेड यांच्यातली पायरी पुरुषाच्या मूर्तीपेक्षा बुटकी हवी. गालफडं कोरून काढली की वय एकदम वाढतं.

या मापात डोळ्याची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्याचा पांढरा भाग पूर्ण भरला की मूर्ती दचकल्यासारखी बघते. आधी गडद तपकिरी आडवी रेघ, मग तिच्यात दोन्ही कडांना फिकट राखाडी ठिपके, मधला भाग गडद सोडायचा. वरची रेघ ठसठशीत ठेवा आणि खालची त्वचेच्या रंगाने कापून टाका. बायकी चेहरा वाटायला एवढं पुरतं. लाल लिपस्टिक आघाडीवरच्या स्नायपरला शोभत नाही. त्वचेच्या रंगात थोडा विटकरी मिसळून फक्त खालच्या ओठावर एक टेकण द्या.

थंडी दाखवायची ती नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर आणि मोजे नसतील तर बोटांच्या पेरांवर, लाल ग्लेझने (पारदर्शक पातळ थराने). पूर्ण गाल रंगवला तर थंडीऐवजी मेकअप वाटतो.

उशांकाखालून केस दिसत असतील तर टोपी आणि केस यांच्यामध्ये एक गडद रेघ सोडा. सोनेरी केसांसाठीही सुरुवात खाकी-तपकिरीने करा, पिवळ्याने नको.

रंगाआधीची एक गोष्ट: साच्याची रेघ बहुतेक वेळा कानपट्टीवरून गालावर उतरते. सुरीच्या बोथट पाठीने खरवडा, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. गालावर राहिलेला ओरखडा कुठलाही रंग झाकत नाही.

लालतारा४३
जानेवारी १९४३ च्या आदेशाने पोगोनी म्हणजे खांदापट्ट्या आल्या आणि गिम्नास्त्योर्काची (गणवेशाच्या सदऱ्याची) कॉलर उभी झाली. तुमच्या हिवाळ्यात त्या हव्यातच. आघाडीवरच्या पायदळाच्या पोगोनी खाकी, त्यांना रास्पबेरी लाल किनार. सार्जंटला तीन आडव्या गडद लाल पट्ट्या. जुन्या कॉलरपट्ट्या आणि त्यांवरचे हुद्द्याचे त्रिकोण १९४१-४२ साठी ठेवा. मास्कखलात घातलेल्या चौघींचे खांदे झाकलेलेच असतात, तिथे काही रंगवायची गरज नाही.

मॉस्कोजवळची केंद्रीय महिला स्नायपर शाळा मे १९४३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तुमच्या खेळात स्नायपर महिला असणं अगदी योग्य आहे. त्या जोडीने काम करत, म्हणून चार मूर्तींच्या दोन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीचा बेस सारखा ठेवा. एखादीला लुदमिला पावलिचेंको म्हणून रंगवायचा विचार असेल तर तो सोडा. ती ओदेसा आणि सेव्हास्तोपोलला लढली, जून १९४२ मध्ये जखमी होऊन हलवली गेली आणि पुन्हा आघाडीवर आली नाही.

रायफल तपासा. स्नायपरच्या मोसिन रायफलीच्या बोल्टचा दांडा खाली वाकवलेला असतो, कारण सरळ दांडा दुर्बिणीला अडतो. मूर्तीत सरळ असेल तर कापून ०.५ मिमी तार वाकवून चिकटवा. पीयू दुर्बीण आखूड, १७ सेंटीमीटरच्या आसपास. लांबोडकी पीई दुर्बीण १९४१ च्या खेळात शोभते. संगीन नको. लाकूड लालसर तपकिरी, आणि वर पांढऱ्या चिंधीचे दोन-तीन वेढे दिले तर फार सुरेख दिसतं.

चौघींच्या तेलोग्रेयका एकाच खाकीत रंगवू नका. एक हिरवट, एक विटलेली पिवळट, एक राखाडीकडे झुकलेली. रशियन युनिफॉर्म (७०.९२४) नावाचा रंग आतल्या गिम्नास्त्योर्कासाठी ठीक आहे, त्यात ऑफव्हाइट किंवा तपकिरी घालून बाकीच्या छटा करा. उभ्या शिवणींत मात्र वॉश बिनधास्त सोडा, तिथे तो हवाच. वालेंकी नमद्याच्या असतात: राखाडी किंवा मातकट, चमक अजिबात नाही. उशांकाची लव राखाडी, हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात).

हिमरेषा
फारच उपयोगी. कोरडाब्रश, मास्कखलातच्या सावलीत थोडा निळा चालेल का? पुष्कळ ठिकाणी तसं केलेलं दिसतं.

कोरडाब्रश
सगळीकडे केलात तर कापड आणि बर्फ पुन्हा एक होतील. गुडघ्याखालच्या भागात, जिथे बर्फाचा उजेड खालून पडतो तिथे, पेल ग्रे ब्लू (७०.९०७) चा एक पातळ ग्लेझ द्या. त्याच्या वर नको.

मैदानबांधणी
बर्फाचं सांगतो. सोडा अल्कधर्मी असतो, गोंदाशी मिळून पिवळा पडतो. सुपरग्लूबरोबर तर लगेच गरम होऊन दगड बनतो. त्याऐवजी काचेची बारीक पूड किंवा मायक्रोबलून (काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे) घ्या. मोजताना तोंडावर मास्क हवाच, ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. प्रमाण आकारमानाने: पूड दोन भाग, पीव्हीए एक भाग, पांढरा अ‍ॅक्रिलिक एक भाग आणि ७०.९०७ चा एखादा थेंब. मिश्रण चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत घट्ट ठेवा. पाणी जास्त झालं तर वाळताना भेगा पडतात.

एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याचा) बेस असेल तर आधी दोन्ही बाजूंना वार्निश लावा, नाहीतर ओल पिऊन वाकतो. थर एक मिलिमीटरचा, दुसरा बारा तासांनी. वालेंकी घोट्यापर्यंत बुडाल्या पाहिजेत, नाहीतर बाई ताटलीवर उभी दिसते. बर्फ नेहमी एकाच बाजूने साचतो, म्हणून पूर्ण तुकडीला ढीग एकाच दिशेला द्या. तिसरा हिस्सा जमीन उघडी ठेवा: गडद माती, वाळलेलं गवत. वितळत्या कडेला ग्लॉस वार्निशची बारीक रेघ. बेसची बाहेरची कड गडद तपकिरी.

मॅट वार्निश बर्फाच्या आधीच मारा. नंतर मारलं तर काचेची चमक मरते. हवेत ओलावा जास्त असताना स्प्रे केला तर गडद रंगांवर पांढुरका धूसर थर येतो. तो आलाच तर ग्लॉसचा एक हात बहुधा त्याला साफ करतो, मग मॅट ब्रशने लावा.

पालथी पडलेली स्नायपर असेल तर तिच्या पोटाला क्लिंग फिल्म लावून ओल्या मिश्रणात दाबा, अर्ध्या तासाने उचला आणि वाळल्यावर त्या खाचेत चिकटवा. सरपटत आल्याचा माग टूथपिकने मिश्रण ओलं असतानाच ओढावा लागतो, वाळल्यावर कोरायला गेलात तर कडा तुटतात.