मुलांना डोंगरात न्यायचं, तर आधी मोठ्यांची शाळा घ्यायची का?

रंकाळाकाठ:
आमच्या गटात यंदा एक नियम आणायचं घाटतंय. दहा ते पंधरा वयाच्या मुलांना मसाई पठार, रांगणा, दाजीपूर, कुठंही न्यायचं असेल तर सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसानं आधी तीन शनिवार-रविवारचं प्रशिक्षण घ्यायचं. कितीही गड पालथे घातलेले असोत, सूट नाही.

कारण सरळ आहे. स्वतः चढणं वेगळं आणि दुसऱ्याचं बारा वर्षांचं पोर घेऊन चढणं वेगळं. आषाढात मसाईवर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही. पठार सपाट, ढोरवाटा चहूकडं फुटलेल्या. पुढचा गडी झपाझप निघतो आणि मागची दोन-तीन पोरं गप्पांच्या नादात भलत्याच वाटेला लागतात. म्हणून पहिल्या दिवशी शिकवायचं एवढंच: पुढं एक, मागं एक, प्रत्येक फाट्यावर थांबून मोजणी, आणि चाल सगळ्यात हळू पोराची. कंटाळवाणं आहे, कबूल. पण सराव त्याचाच हवा. मग प्रथमोपचार, पालकांचं संमतीपत्र, दमा-फिट्सची नोंद, आणि परत फिरायचं कधी हे.

काय म्हणता?

तालमीतला गडी:
भावा, नियम झकास, पण माणसं कुठनं आणणार? फुकट येणारी चार टाळकी आहेत. त्यातली दोघं एमआयडीसीत पाळीवर. त्यांना सहा दिवस बसवलंस तर मोहिमेला तू एकटाच उरशील. आम्हाला कुणी शिकवलं होतं? पन्हाळ्यावरनं निघालो, करपेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, पांढरेपाणी करत पावनखिंड. थोरल्यांच्या मागं चालून शिकलो.

मलमपट्टी:
गडीदादा, थोरल्यांच्या मागं चालून काय काय शिकलो तेही बघा. साप चावला की वर दोरी आवळायची, ब्लेडनं चिरायचं, हे अजून अनुभवी माणसंच करतात. मी नर्स आहे, अशी आवळलेली काळीनिळी बोटं बघितलीत. अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-पैंजण काढायचं, १०८ लावायचा आणि लस असलेला दवाखाना गाठायचा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालते, मांत्रिकाकडं घालवायला वेळ नसतो.

आणि कोल्हापूरला कसली थंडी, असं म्हणू नका. ओला कपडा, पठारावरचा वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. पोर आधी कुडकुडतं, मग बोलताना अडखळतं, पाय लटपटतात. अंग गारच आहे आणि कुडकुडणं मात्र थांबलं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे, धोका वाढलाय. मोठ्यांना वाटतं, पोर दमून गप्प झालंय.

भुदरगडकर:
ताई, हे सगळं मान्य, पण ते एका रविवारी होतं. माझी हरकत वेगळी आहे. सहा दिवस मोकळे असतात ते बँकेतले, नाहीतर मास्तर लोक. धनगरवाड्यावरचा जो गडी कुठला ओढा किती पावसात चढतो ते सांगतो, त्याच्याकडं तुमचं प्रमाणपत्र नसणार. म्हणजे त्याला मागं बसवणार आणि शहरातला कागदवाला पुढं?

रंकाळाकाठ:
वाट तोच दाखवेल, आणि त्याचे पैसेही द्यायचे. पण ओढा चढलाय, पलीकडं जेवण तयार आहे, पोरं हट्टाला पेटलीत, अशा वेळी 'मागं फिरा' म्हणणं हे गटप्रमुखाचं काम. ते त्याच्या गळ्यात का घालायचं?

निवृत्त स्काउटमास्तर:
दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतंय. स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनं इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर घेतलं १९०७ साली. मोठ्यांसाठीचा पहिला वुड बॅज वर्ग, म्हणजे स्काउट नेत्यांचं प्रशिक्षण, तिथल्याच गिलवेल पार्कात भरला १९१९ मध्ये. मधे महायुद्ध झालं हे खरं, पण चळवळ जगभर पसरली तरी नेत्यांचा नीट अभ्यासक्रम मागाहूनच आला. तेव्हा तालमीतल्या गड्याचा प्रश्न जुनाच आहे.

मात्र तुमच्या यादीत सगळं सांभाळणंच आहे. सहा-आठ मुलांची टोळी करा, त्यातलाच एक नायक नेमा, चूल त्यांना पेटवू द्या. चाळीस वर्षांच्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हात मागं बांधून उभं राहणं. फोडणी करपते, तंबू कलंडतो, आणि आपले साहेब धावतात. सराव त्याचा घ्या. वर्गातल्या खुर्च्यांवर हे येत नाही.

राजारामपुरीची आई:
माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. फोडणी करपली तर करपू दे. मला विचारायचंय, तंबूत कोण झोपणार? एकटा मोठा माणूस एकट्या मुलासोबत कधीच नाही, मुली असतील तर सोबत बाई हवीच, हे नियमात कुठं आहे? पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांत न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. हे तुमच्या किती स्वयंसेवकांना ठाऊक आहे?

तालमीतला गडी:
ताई, आता आमच्यावर संशय होय?

राजारामपुरीची आई:
तुमच्यावर नाही, दादा. पण मी तुम्हाला ओळखत नाही, आणि मुलगी दोन रात्री तुमच्या हवाली करायची आहे. दोघं मोठे कायम सोबत असले तर खोट्या आरोपातनं तुमचीही सुटका होते.

तालमीतला गडी:
हे पटलं. लिहा नियमात. आपण प्रथमोपचाराला येतो, मोजणीला येतो, दोघांच्या नियमाला येतो. पण सहा दिवस जमणार नाही, दोन करा. आणि रंकाळाकाठ, एक सांग. मसाईवर धुकं, ओढे तुडुंब, हे तूच लिहिलंस. मग दहा वर्षांचं पोर आषाढात न्यायचंच कशाला? डिसेंबरात ने की.

रंकाळाकाठ:
पालकांनाच आषाढातली पावनखिंड हवी असते. बाजीप्रभूंची लढाई १६६० च्या जुलैतली, त्याच पावसात चालायचंय म्हणतात.

मलमपट्टी:
मग पहिलं प्रशिक्षण पालकांचं घ्या. मी शिकवायला येते.