'चेंज'ला मराठीत काय म्हणायचं? मोड, सुट्टे, परत की पालट

पंचवटीकर
दुकानाच्या पाटीसाठी मजकूर हवा आहे. इंग्रजीतल्या तीन ओळी अशा: 'एक्झॅक्ट चेंज प्लीज', 'नो चेंज फॉर ५००', 'चेक युवर चेंज'. तिन्हीकडे 'सुट्टे' घातलं तर चालेल का? आणि 'बदल' आणि 'सुट्टे पैसे' या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द कसा काय?

सराफकट्टा
फक्त पहिलीत चालेल. ३४० च्या बिलाला ५०० ची नोट दिली की हातात येतात ते १६० रुपये म्हणजे 'उरलेले' किंवा 'परत' पैसे. एकच शंभर, एक पन्नास, एक दहा असे आले तरी त्यांना मोड म्हणत नाहीत. ५०० ची नोट देऊन शंभराच्या पाच घेतल्या, तर ती मोड: खरेदी काही नाही आणि रक्कम तेवढीच. 'सुट्टे' हे मुळात विशेषण, सुटं तेल म्हणतो त्यातलंच. 'चिल्लर' म्हणजे फक्त नाणी. दहाची नोट सुट्ट्यात येते, चिल्लरमध्ये नाही.
म्हणून: 'नेमके सुट्टे पैसे द्यावेत', '५०० ची मोड मिळणार नाही', 'उरलेले पैसे मोजून घ्यावेत'.

गोदाकाठ
मधली ओळ पटली नाही. 'मोड मिळणार नाही' हे नुसती नोट मोडायला येणाऱ्याला लागू. खरेदी करणाऱ्याने त्यावर ५०० पुढे केली तर पाटीप्रमाणे त्याचं काहीच चुकत नाही. तुम्हाला त्यालाही सांगायचं असेल तर '५०० ला सुट्टे नाहीत' लिहा.

सराफकट्टा
बरोबर, माझी ओळ मागे घेतो. एक सांगायचं राहिलं, पैशांची मोड स्त्रीलिंगी: 'शंभराची मोड आहे का?' मटकीला येतात ते मोड पुल्लिंगी. आणि सराफ बाजारात हाच शब्द वेगळा चालतो. जुना दागिना मोडीत दिला की सोन्याचा भाव मिळतो, तोही घट वजा करून. घडणावळ परत येत नाही. रोख न घेता दुसरा दागिना घेतला तर ते 'बदलून घेणं'. इंग्रजीतला 'एक्स्चेंज' तिथे नेमका बसतो, 'चेंज' बसत नाही.

तळटीप
मूळ प्रश्नाकडे येतो. 'चेंज' इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'कांबियारे'वरून. त्याचा अर्थ अदलाबदल करणे. त्याच्याही मागे केल्टिक धातू असावा, 'वाकणे, वळणे' अशा अर्थाचा, असं व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे पैशाचा अर्थ नंतर कुठून तरी चिकटला असं नाही. देवघेव शब्दाच्या पोटातच होती. नोटेच्या बदल्यात नाणी, ते चेंज. इटालियन आणि स्पॅनिशमधला 'कांबिओ' आजही बदल आणि चलनबदल दोन्हीला चालतो.
गंमत पुढे आहे. आपला 'बदल' अरबी, आणि त्याचाही जुना अर्थ 'च्या ऐवजी' असाच. 'बदल्यात', 'बदली कामगार' यांत तो शाबूत आहे. 'बद्दल' हे शब्दयोगी अव्ययही त्याच घरचं. 'सराफ'सुद्धा अरबी, म्हणजे नाणी बदलून देणारा, आणि त्याच्या धातूचा अर्थ 'वळवणे'. सोनं नंतर आलं, आधी मोड होती.
सुट्ट्या नाण्यांना म्हणतात तो 'खुर्दा' फारसी, 'लहान तुकडे'. गावांच्या नावातलं 'खुर्द' त्याचंच भावंड. 'चिल्लर' मात्र दक्षिणेकडची: कानडीत चिल्लरे, तमिळमध्ये सिल्लऱै.

गोदाकाठ
नाणी बदलण्याचा हिशेब नाशिकात दगडावर कोरलेला आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ७०,००० कार्षापणांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा, आकडा येतो आणि दरही दिला आहे, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. म्हणजे २,००० सुवर्ण. भागाकार करून पाहा, बरोबर येतो. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून जास्त. त्यातल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. धातू तोच, राजा बदललेला. याला मोड म्हणता येणार नाही, पण 'पालट' नक्की म्हणता येईल.

पंचवटीकर
'पालट' आणि 'बदल' यांत फरक काय?

तळटीप
पालटात एक जातं आणि दुसरं त्याच जागी येतं: खांदेपालट, हवापालट. 'चेंज म्हणून महाबळेश्वरला गेलो' याला 'हवापालट' इतका चपखल आहे की इंग्रजी शब्दाची गरजच नाही. बदल थोडासाही असू शकतो; भाजीत मीठ कमी केलं तरी बदलच. 'सेव्ह चेंजेस'ला 'बदल जतन करा' ठीक. पण बिलाच्या यंत्रावरच्या 'चेंज ड्यू'चं 'बदल देय' करून ठेवलेलं दिसतं, ते साफ चूक. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की असंच होतं. तिथे 'परत द्यायची रक्कम' हवं.

पंचवटीकर
मग पाटी अशी करतो: 'नेमके सुट्टे पैसे द्यावेत. ५०० ला सुट्टे नाहीत. उरलेले पैसे मोजून घ्यावेत.'

सराफकट्टा
शेवटच्या ओळीत 'इथेच मोजून घ्यावेत' करा. 'इथेच' नसेल तर गिऱ्हाईक घरी जाऊन मोजेल.