शब्दचर्चा : वेष्टनाच्या संदर्भात ‘मायग्रेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
नाशिकमधील महिला बचत गटांसाठी मी चिवडा, मनुका आणि लोणची यांच्या वेष्टनाविषयी माहितीपत्रक लिहीत आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘ओव्हरऑल मायग्रेशन’, म्हणजे वेष्टनातून अन्नात जाणाऱ्या सर्व द्रव्यांचे मिळून प्रमाण, असा रकाना असतो आणि त्यापुढे ६० मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर ही मर्यादा दिलेली असते. एका पत्रकात त्याचे भाषांतर ‘एकूण स्थलांतर’ असे केलेले आढळले. ते वाचून माल दुसऱ्या गावी नेण्याविषयीचा नियम असावा, असे वाटते. ‘पाझर’ चालेल का?

उत्तर :
‘पाझर’ म्हटले की द्रव आणि छिद्र डोळ्यांपुढे येतात. येथे पिशवी अखंड असते, तरीही प्लास्टिकला मऊपणा आणणारी द्रव्ये, उत्प्रेरकांचे अवशेष किंवा शाईतील घटक अन्नात जातात. पुनर्वापर केलेल्या पुठ्ठ्यातील खनिज तेलाची वाफ तर स्पर्श न होताही आतल्या कोरड्या पदार्थापर्यंत पोहोचते. छापील फिल्म रोलवर गुंडाळली की तिची छापील बाजू वरच्या थराच्या आतल्या बाजूला टेकते आणि शाईचे घटक तेथे लागतात. त्यात आरपार काहीच गेलेले नसते. ‘पाझर’ या शब्दात हे सारे मावत नाही.

मी ‘अन्नात उतरणे’ हे क्रियापद सुचवीन. काढ्यात औषधीचा गुण उतरतो, हे आपण बोलतोच. तांबट आळीच्या या गावात ‘कळकणे’ हा शब्दही कोणी सुचवील, कारण कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवलेले दही कळकते ते धातू अन्नात उतरल्यामुळेच. मात्र कळकलेले जिभेला लगेच कळते, तर वेष्टनातून उतरलेले बहुधा कळत नाही, आणि म्हणूनच ते मोजावे लागते. त्यामुळे ‘कळकणे’ उदाहरणापुरते ठेवावे.

दुसरे उत्तर :
‘उतरणे’ मलाही पटते. परंतु ‘एकूण’ या विशेषणाचा अर्थ पत्रकात अवश्य उलगडावा. युरोपीय नियमांत असे गृहीत धरले आहे की एक किलो अन्नाला सहा चौरस डेसिमीटर वेष्टनाचा स्पर्श होतो, म्हणजे एक डेसिमीटर बाजूच्या घनाच्या सहा पृष्ठांइतका. दर पृष्ठामागे १० मिलिग्रॅम धरले की ६० होतात. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांतही हेच आकडे आहेत. ही मर्यादा वेष्टन कितपत निष्क्रिय आहे, म्हणजे अन्नात किती कमी द्रव्ये सोडते, एवढेच सांगते. एखादे द्रव्य किती विषारी आहे, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी विशिष्ट मर्यादा वेगळ्या असतात. उदाहरणार्थ, ‘पेट’ (पीईटी) या प्लास्टिकच्या बाटलीच्या निर्मितीत उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या अँटिमनी या मूलद्रव्यासाठी युरोपात ०.०४ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा आहे. म्हणून ‘एकूण मर्यादेत आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असे वाक्य कृपया छापू नये.

‘फूड ग्रेड’ (अन्नासाठी योग्य) या शब्दाबाबतही तेवढीच काळजी घ्यावी. चाचणीत अन्नाऐवजी त्याच्या गुणधर्माचा द्रव वापरतात. आंबट पदार्थांसाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल असते, तेलकट पदार्थांसाठी वेगळा द्रव असतो, आणि दीर्घ साठवणुकीसाठी ४० अंश सेल्सिअसला १० दिवस ठेवतात. कोरड्या मनुकांना चालणारी पिशवी तेलकट चिवड्याला किंवा गरम भज्यांना चालेलच असे नाही, कारण तेल आणि उष्णता यांमुळे पुष्कळ द्रव्ये अधिक उतरतात. चाचणीत अन्नाऐवजी वापरल्या जाणाऱ्या द्रवाला मी ‘अन्नसदृश द्रव’ म्हणतो.

एक भेद आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. निर्यातीच्या द्राक्षपेटीतील पॅडमधल्या सोडियम मेटाबायसल्फाइटला ओलावा लागला की सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि बुरशीला आळा बसतो. हे मुद्दाम घडवून आणलेले असते, त्यामुळे तेथे ‘उतरणे’ न वापरता ‘वायू सोडणे’ म्हणावे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. मसुदा असा केला आहे : ‘वेष्टनातील द्रव्ये अन्नात उतरू शकतात. पिशवी घेताना विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा आणि ती चाचणी आपल्याच प्रकारच्या पदार्थासाठी, म्हणजे आंबट, तेलकट किंवा कोरड्या पदार्थासाठी, झाली आहे का, हे पाहा. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका. नियमाने त्यास मनाई आहे.’ रकान्याचे नाव ‘अन्नात उतरणारे एकूण घटक’ असे ठेवतो आणि अहवालाशी ताळा जमावा म्हणून शेजारी ‘ओव्हरऑल मायग्रेशन’ देवनागरीत राहू देतो.