मदत हवी आहे: मोंटानातली जंगलखात्याची केबिन आणि सोबत सत्तरीचे आई-बाबा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि अमरावतीहून आलेले आई-बाबा असे डॅलसहून यलोस्टोनला जातोय. पार्कात शिरण्याआधी बोझमन शहराच्या दक्षिणेला, हायलाइट कॅन्यन या दरीत, फॉरेस्ट सर्व्हिसची एक केबिन दोन रात्रींसाठी मिळाली आहे. कोणीतरी रद्द केलेली, म्हणून मिळाली. एरवी सहा महिने आधी तारीख खुली होते आणि बघता बघता जाते.

बाबांना ‘जंगलखात्याचं गेस्टहाऊस’ एवढंच सांगितलं आणि ते थेट मेळघाटात पोचले. नोकरीत असताना कोलकासच्या विश्रामगृहात राहिलेत ते. खाली सिपना नदी, सकाळी खानसामा चहा घेऊन हजर, आंघोळीला बादलीभर कढत पाणी. मी म्हटलं, बाबा, इथे खानसामा नाही, वीज नाही, नळ नाही. तर म्हणाले, “मंग आहे काय तिथं?” आहे ते असं: बंक, टेबल, लाकडावरची शेगडी, कुऱ्हाड आणि अंगणापलीकडे संडास. दाराच्या कुलपाचा आकडा आधी कळवतात, बाकी माणूस कोणी भेटत नाही.

आता नेमक्या अडचणी. आईचे गुडघे दुखतात आणि रात्री तिला दोनदा तरी उठावं लागतं. बाबांना रोज इन्सुलिन लागतं, तिथे फ्रिज नाही. पाणी किती न्यायचं? शेगडीवर चार माणसांचा वरणभात होतो का? आणि तो सगळा भाग ग्रिझली अस्वलांचा आहे, तर फोडणी द्यायची की ब्रेडवर भागवायचं? (हसू नका, आईचा हा पहिला प्रश्न आहे.)

“सरळ हॉटेल घ्या” म्हणणाऱ्यांचंही ऐकेन, पण कारण सांगा.

---

रानवाटा:
आम्ही वॉशिंग्टन आणि आयडाहोत अशा केबिनमध्ये बऱ्याचदा राहतो. वडिलांना एवढं सांगा की ही गेस्टहाऊस म्हणून बांधलेलीच नाहीत. जंगलखात्याचे रेंजर घोड्यावरून फिरायचे, त्यांच्या मुक्कामाच्या या चौक्या. पुष्कळशा १९३३ ते १९४२ या काळातल्या, मंदीत बेकार तरुणांच्या हाताला काम देणाऱ्या सीसीसी योजनेत बांधलेल्या. चौकीदाराला खानसामा कुठून असणार!

अस्वलाच्या भीतीपेक्षा आधी उंदरांचं बघा. तिथल्या डिअर माउसच्या लेंड्यांतून आणि मुतातून हंटाव्हायरस पसरतो. क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. म्हणून पोचल्यावर आई-बाबांना गाडीतच बसवा. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. कोपऱ्यात दिसलेला झाडू हातात घेऊ नका, कोरडं झाडलं की तीच धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं फवारायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि हातमोजे घालून कागदाने टिपून घ्यायचं. आपल्या आयांना नव्या जागी पाऊल टाकलं की आधी केर काढायचा असतो, त्यामुळे हे विमानात बसण्याआधीच समजावून ठेवा.

लाकडं बहुतेक ठिकाणी ठेवलेली असतात, पण ओंडक्यांच्या रूपात. ढलप्या तुम्हालाच काढाव्या लागतात. एक गठ्ठा बोझमनमधूनच विकत घ्या. दुसऱ्या राज्यातून लाकूड आणू नये, त्यातून झाडांची कीड पसरते. तुमच्या बाबांनी घरी बंब पेटवला असेल तर शेगडी त्यांच्याच हाती द्या. गणित तेच आहे: झडप पूर्ण उघडी, आधी काटक्या, मग ढलप्या, धूर नीट वर खेचला जायला लागला की जाड लाकूड.

---

औषधवाली:
इन्सुलिनबद्दल. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे खरं, पण वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या खाली असेल तर बाहेर चालतं. बहुतेक प्रकारांना २८ दिवस. कोणतं आहे ते पाकिटावर बघून घ्या. तुमची काळजी उलटी हवी. सप्टेंबरअखेर त्या उंचीवर रात्री पारा शून्याखाली जातो आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर तसंच दिसलं तरी फेकूनच द्यायचं असतं. म्हणून ते गाडीत राहू देऊ नका, बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका. रात्री पेन आणि शुगर तपासायचं यंत्र बाबांच्या स्लीपिंग बॅगेत, विमानात हातातल्या बॅगेत. सोबत साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या.

हायलाइटमधल्या जलाशयाजवळची उंची साधारण ६,७०० फूट आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही ४०० मीटर वर. डॅलसहून उतरल्या दिवशी थेट वर जाऊ नका, पहिली रात्र बोझमनमध्ये काढा. बाबांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, हेही आलंच.

---

बोझमनचा_शेजारी:
हायलाइट निवडलंत ते बरं केलंत. जलाशयापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे भाड्याच्या गाडीला अडचण नाही. (इतर अनेक केबिनचे रस्ते कच्चे असतात आणि भाड्याच्या गाडीच्या करारात ते चालत नाहीत.) शहर आणि इस्पितळ पाऊण तासावर. फक्त कॅन्यनमध्ये शिरलात की मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका. नकाशे उतरवून ठेवा. आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर उपग्रहावरून मदत मागता येते, कशी ते घरीच बघून ठेवा.

फोडणी द्या हो, पण आत! ओसरीवर नाही. शरद ऋतूत अस्वलं थंडीच्या झोपेआधी दिवसभर खात हिंडतात. वास येणारं सगळं रात्री कुलूपबंद केबिनमध्ये किंवा बंद गाडीत. सगळं म्हणजे खोबरेल तेल, टूथपेस्ट, बाबांचा बाम आणि कचऱ्याची पिशवीसुद्धा. हा तिथला नियमच आहे, मोडला तर दंड होतो. भांडी घासलेलं पाणी गाळा, गाळ कचऱ्यात टाका, कचरा परत न्या. अस्वलाला पळवून लावायचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही, सामानातूनही नाही. बोझमनमध्ये विकतही मिळतो आणि भाड्यानेही. कॅम्पिंगच्या स्टोव्हचे गॅसचे डबेही तसेच, इथूनच घ्यावे लागतील.

धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम चालू असेल. फिरायला जाताना भडक केशरी काहीतरी अंगावर असू द्या.

---

स्पष्टच_बोलतो:
मी हॉटेलच्या बाजूने. कारण मागितलंय म्हणून देतो: अंधारात, थंडीत, दुखऱ्या गुडघ्यांनी आईंनी दोनदा बाहेर जायचं? पडल्या तर तुमचा पाऊण तास तिथून सुरू होतो. हौस तुमची आहे, त्यांची नाही.

---

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. स्पष्टच_बोलतो, आईला विचारलं. ती म्हणाली, माहेरी संडास मळ्यात होता, कंदील घेऊन जायचो. अर्थात तेव्हा ती विशीत होती आणि मळ्यात अस्वल नव्हतं, त्यामुळे तुमचा मुद्दा उरतोच. यावर कोणाकडे काही उपाय?

---

रानवाटा:
आहे. वैद्यकीय सामानाच्या दुकानात घडीचा कमोड मिळतो, खाली बादली. बादलीत पाणी शोषून घेणाऱ्या पावडरची पिशवी लावा. रात्री केबिनमध्येच पडद्याआड ठेवायचा. सकाळी पिशवी बांधून कचऱ्याबरोबर परत. संडासाच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे टॉयलेट पेपरशिवाय काहीच टाकायचं नसतं, ओले रुमालही नाहीत. तांब्या न्या, पाणी चालतं. खालचे बंक आई-बाबांना, आणि प्रत्येकाच्या डोक्याला स्वतंत्र दिवा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. बोझमनमधून भरून घेतलंत तर ओढ्याचं लागणारच नाही. लागलंच तर खळखळून उकळायचं. त्या उंचीवर एक नाही, तीन मिनिटं. पाणी तिथे ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजायची वाट बघू नका. छोटा कुकर न्या आणि स्टोव्हवर लावा. शेगडीवर भात जमेल, पण आच कमी-जास्त करता येत नाही.

बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घ्या. खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कितीही थंडी वाजली तरी.

---

धागाकर्ता:
कमोडचा उपाय आईला पटला. बायकोचं म्हणणं, दुसरी रात्र आधीपासून ठरवायची नाही. पहिली कशी जाते ते बघू, नाहीच जमलं तर बोझमनमध्ये रद्द करता येईल अशी खोली घेऊन ठेवतोय. स्पष्टच_बोलतो, अर्धं तुमचंही ऐकलं.

बाबांचा एकच प्रश्न राहिलाय: तिथली कुऱ्हाड धारेची असते का? त्यांना ढलप्या स्वतः काढायच्या आहेत.

---

बोझमनचा_शेजारी:
बहुतेक वेळा बोथट असते. कानस आणा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.