पीएचपीमायॲडमिन बसवल्यानंतर संपूर्ण संकेतस्थळावर ५०० त्रुटी

प्रश्नकर्ता (डिचोली)

सप्रेम नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयाची ग्रंथसूची एका जुन्या संगणकावर, उबुंटू २२.०४ ही कार्यप्रणाली आणि अपाची या वेब सर्व्हरवर चालते. सूची हाताळणे सोपे जावे म्हणून मी ब्राउझरमधून डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायॲडमिन ५.२.१ या साधनाची झिप फाइल उतरवून संकेतस्थळाच्याच मुख्य फोल्डरमध्ये उलगडली. प्रवेश व्यवस्थित झाला. मात्र जुन्या सूचीची १४ एमबीची एसक्यूएल (डेटाबेसच्या आज्ञांची) फाइल चढवू लागलो, तेव्हा २ एमबीहून मोठी फाइल घेता येत नाही असे उत्तर मिळाले. ही मर्यादा वाढवण्यासाठी पीएचपी या भाषेची आयएनआय (सेटिंग्जची) फाइल बदलली, पण काही फरक पडला नाही. मग इंटरनेटवर वाचलेल्या सल्ल्यानुसार आणखी एकदोन बदल केले आणि तेव्हापासून प्रत्येक पानावर ५०० क्रमांकाची ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ येत आहे. पीएचपीमायॲडमिन दोनदा काढून पुन्हा बसवले, अपाचीची कॉन्फिगरेशन चाचणी घेतली तर ती ‘सिंटॅक्स ओके’ म्हणते. चवथीच्या सुटीसाठी पुस्तके न्यायला वाचक येऊ लागले आहेत आणि आम्ही पुन्हा कागदी नोंदवहीवर आलो आहोत. पीएचपीमायॲडमिनची जुनी आवृत्ती घ्यावी काय?

उत्तर १ (फोंडा)

आवृत्ती बदलण्याची घाई करू नये. आधी मुख्य फोल्डरमधील एखादे साधे चित्र, उदाहरणार्थ वाचनालयाचे बोधचिन्ह, त्याच्या थेट पत्त्यावरून ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. चित्र दाखवताना पीएचपीचा संबंधच येत नाही. त्यामुळे तिथेही ५०० येत असेल, तर दोष पीएचपीमायॲडमिनचा नसून अपाचीच्या एखाद्या सूचनेचा आहे. त्यानंतर अपाचीच्या एरर लॉगची शेवटची ओळ इथे लिहावी.

प्रश्नकर्ता

चित्रावरही ५०० च येते, याचे मला नवल वाटले. लॉगमधील ओळीचा आशय असा आहे: एचटीॲक्सेस या (फोल्डरपुरत्या अपाचीच्या सूचनांच्या) फाइलमध्ये ‘इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू’, शब्द चुकीचा लिहिला असावा किंवा तो पुरवणारे मॉड्यूल सर्व्हरमध्ये नसावे. ती ओळ मीच लिहिली होती, फाइलची मर्यादा ३२ एमबी करण्यासाठी.

उत्तर २ (म्हापसा)

ती ओळ ‘इफमॉड्यूल’च्या, म्हणजे मॉड्यूल असेल तरच लागू होणाऱ्या, कंसात घालावी, म्हणजे त्रुटी जाईल.

उत्तर ३ (फोंडा)

त्रुटी जाईल हे खरे, पण मर्यादा २ एमबीच राहील, कारण मॉड्यूल नसल्यामुळे अपाची ती ओळ मुकाट्याने वगळील. मुळातला प्रकार असा आहे की पीएचपी_व्हॅल्यू ही सूचना पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच समजते. आपल्या यंत्रावर पूर्वी कोणीतरी पीएचपी चालवणारी पीएचपी-एफपीएम ही वेगळी सेवा लावलेली दिसते, आणि तिच्याकडे केवळ काम सोपवणाऱ्या अपाचीला हा शब्द परका आहे. एचटीॲक्सेस मुख्य फोल्डरमध्ये असल्याने तिचा परिणाम खालच्या सर्व फोल्डरांवर झाला. कॉन्फिगरेशन चाचणी एचटीॲक्सेस तपासतच नाही, ती फाइल प्रत्येक मागणीच्या वेळी वाचली जाते. म्हणून ‘सिंटॅक्स ओके’ने आपली दिशाभूल झाली.

आता ती ओळ काढून टाकावी. अपाची पुन्हा सुरू करण्याचीही गरज नाही. आयएनआय फाइल बदलूनही फरक का पडला नाही, हेही पाहावे. उबुंटूवर पीएचपी ८.१ च्या फोल्डरमध्ये सीएलआय आणि एफपीएम यांच्या वेगवेगळ्या आयएनआय फाइली असतात, आणि आपण बहुधा सीएलआयची, म्हणजे फक्त टर्मिनलला लागू होणारी फाइल बदलली. एफपीएमच्या फाइलमध्ये अपलोड मॅक्स फाइलसाइझ (चढवायच्या फाइलची मर्यादा) ३२ एमबी करावे, पोस्ट मॅक्स साइझ (एका वेळी पाठवायच्या एकूण मजकुराची मर्यादा) त्याहून थोडे अधिक, समजा ४० एमबी, ठेवावे आणि नंतर अपाची नव्हे, तर एफपीएमची सेवा पुन्हा सुरू करावी. इथेच पुष्कळांची फसगत होते.

उत्तर ४ (मडगाव)

एकदाच चढवायच्या फाइलसाठी मी ब्राउझरच्या वाटेला जात नाही. टर्मिनलमधून मायएसक्यूएल या डेटाबेसला ती थेट दिली, तर पीएचपीची कोणतीही मर्यादा आड येत नाही. त्याआधी फाइलची प्रत काढून टेबलांच्या व्याख्येत कोणता कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) लिहिला आहे ते पाहावे. तिथे लॅटिन१ असेल तर देवनागरी मजकूर त्यात बसणार नाही.

आणखी एक गोष्ट, विचारलेली नसली तरी सांगतो. पीएचपीमायॲडमिनमधील सेटअप हे फोल्डर काढून टाकावे आणि अपाचीमध्ये ‘रिक्वायर आयपी’ (ठरावीक संगणकांनाच प्रवेश देणारी सूचना) लिहून पीएचपीमायॲडमिनचे पान फक्त वाचनालयातील संगणकापुरते ठेवावे.

प्रश्नकर्ता

ओळ काढताच संकेतस्थळ उघडले. बदललेली आयएनआय फाइल सीएलआयचीच निघाली. मर्यादा वाढवली, तरी फाइल टर्मिनलमधूनच चढवली. पहिल्या खेपेस ती १३६६ क्रमांकाच्या त्रुटीने थांबली, कारण ग्रंथांच्या टेबलापुढे खरोखरच लॅटिन१ लिहिलेले होते. प्रतीमध्ये त्या जागी देवनागरी सामावणारा यूटीएफ८एमबी४ केला, अर्धवट टेबल काढून टाकले आणि पुन्हा चढवले. ‘ज्ञानेश्वरी’ शोधून पाहिली. जोडाक्षरे नीट दिसतात आणि तिन्ही प्रतींचे कपाट क्रमांकही जागेवर आहेत. सेटअप फोल्डर काढले आहे. ‘रिक्वायर आयपी’चे काम उद्या करीन, कारण आत्ता वीज गेली आहे आणि हे मोबाइलवरून लिहितो आहे.